श्रोत्यांचा धर्म

गायनवादनात प्रावीण्य मिळविण्यास वर्षानुवर्षे परिश्रम करावे लागतात, ही गोष्ट सर्वांस मान्य आहे. परंतु गायनवादन ऐकणे हीदेखील एक विद्या आहे, असे म्हटले तर पुष्कळांस हसू येईल. कान देवाने दिलेले आहेत व ते सदैव उघडेच असतात. मग त्यात शिकावयाचे ते काय, असे ते विचारतील. या प्रश्नाचा अल्पसा विचार येथे योजिला असून, त्यासाठी पाश्चात्त्य वाद्यवृंद व त्याचा कंडक्टर यांचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे.

कंडक्टर हा शब्द उच्चारताच बोईसर-तारापूरकडील आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे एस.टी.तील खाकी गणवेशाचे गृहस्थ उभे राहतील. ही तुलना अगदीच गैरलागू नाही. गाडी ते स्वतः हाकीत नाहीत. पण त्यांनी दोरी ओढून घंटी दिल्यावाचून ती जागची हलतही नाही. वाद्यवृंदाच्या कंडक्टरचेही असेच आहे. समोर शंभराच्या आसपास वादक बसलेले असतात. व्हायोलिन, चेलो, बासरी, शिंगे, नगारे, असे प्रत्येकाचे वाद्य निराळे, व प्रत्येकाच्या पुढ्यात केवळ त्याच्याच वाट्याच्या सुरांची लेखी वही. सर्वांच्या वाट्याचे सूर एकत्र लिहिलेला ग्रंथ एकट्या कंडक्टरपुढे असतो. उजव्या हातातील बारीक छडीने तो लय दाखवितो. कोणी सूर वाढवावा, कोणी आवरता घ्यावा, हे डाव्या हाताने खुणावितो. मात्रा मोजीत कितीतरी वेळ स्वस्थ बसलेल्या झांजवाल्यास नेमक्या क्षणी नजरेने जागे करितो. एवढे सर्व करून स्वतः मात्र एकही सूर काढीत नाही. श्रोत्यांकडे त्याची पाठ असते, आणि तरीही कार्यक्रम संपल्यावर टाळ्यांचा पहिला मान त्यालाच मिळतो. हा मान कशाबद्दल, हे ज्यास उमगले, तो ऐकावयास शिकू लागला असे समजावे.

परदेशच्या या संगीताशी आम्हां पालघरकरांस काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर आमच्याच भूमीतून देता येते. भाताची कापणी उरकली की आमच्या जिल्ह्यातील पाड्यांवर तारपा घुमू लागतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान व मेण यांचे ते वाद्य. वाजविणारा मध्यभागी, आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून नाचणाऱ्यांची साखळी त्याच्या भोवती. त्याने सूर पालटला की सर्वांची पावले पालटतात. तारप्याकडे कोणी पाठ करीत नाही. पद्मश्री कै. जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांतून हेच वर्तुळ देशोदेशी पोहोचले. ज्या मुलाने तारपानाच लक्ष देऊन पाहिला आहे, त्याची वाद्यवृंद समजण्याची निम्मी तयारी झालीच म्हणावयाची. दुसरे उत्तर तारापूरचे. तेथील अणुविद्युत केंद्र १९६९ साली वीज देऊ लागले. त्याचा पाया ज्यांच्या नेतृत्वाखाली घातला गेला, ते डॉ. होमी भाभा हे बालपणापासून ग्रामोफोनच्या तबकड्यांवर बेथोव्हेन व मोझार्ट ऐकत वाढले होते. १९६६ साली विमान अपघातात त्यांचा अंत झाला व ते केंद्र पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. परंतु त्याच १९६९ साली त्यांचे बंधू जमशेद भाभा यांनी जे. आर. डी. टाटा यांच्यासह मुंबईत नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स ही संस्था स्थापिली. एका भावाच्या योजनेचा दिवा आमच्या घरांत लागला. दुसऱ्याने संगीतास घर बांधून दिले. तेव्हा हे संगीत आम्हांस अगदीच परके कसे म्हणावे?

आता दाद देण्याच्या रीतीविषयी. हिंदुस्थानी मैफलीत गवई डौलाने समेवर आला की जाणत्या श्रोत्याच्या तोंडून तत्क्षणी ‘वाहवा’ निघते, आणि त्या दादेने गवयासही हुरूप येतो. सिंफनीची रीत याहून निराळी. तिचे बहुधा चार भाग असतात आणि चौथा संपेपर्यंत सभागृह निःशब्द राहते. ही शिस्त मात्र प्रारंभापासूनची नाही. बेथोव्हेनची सातवी सिंफनी व्हिएन्ना नगरीत ८ डिसेंबर १८१३ रोजी प्रथम वाजविली गेली, तेव्हा दुसरा भाग श्रोत्यांस इतका आवडला की त्यांनी तो तेथल्या तेथे पुन्हा वाजवावयास लाविला. मौनाचा दंडक पुढे रूढ झाला. आमच्या प्रार्थनामंदिरात तर गीत संपल्यावर टाळीच नसते. मंडळी ‘आमेन’ म्हणते आणि त्यातच सर्व येते. रीती अशा निरनिराळ्या असल्या तरी त्यांचे मूळ एकच, ते म्हणजे अवधान. पूर्वरंग आटोपताच उठून जाणाऱ्यास जसे कीर्तनाचे आख्यान लाभत नाही, तसे पहिल्या गोड सुरावर टाळी पिटून गप्पांत रमणाऱ्यास सिंफनी लाभत नाही. प्रभूने पेरणाऱ्याचा जो दाखला सांगितला, तोही मुळात ऐकण्याविषयीचाच आहे. बी एकच, ते कोणत्या जमिनीत पडते, यावर पीक अवलंबून.

दाद म्हणजे काय, हे मनावर ठसविणारा एक प्रसंग इतिहासात नमूद आहे. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीचा पहिला प्रयोग झाला. त्या वेळी त्याची श्रवणशक्ती जवळजवळ नष्ट झाली होती. तो वादकांपुढे उभा राहून लय दाखवीत होता खरा, पण खरे संचालन मिखाएल उमलाउफ हे करीत होते व वादकांची दृष्टी त्यांच्याकडे होती. वादन थांबले, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि बेथोव्हेन मात्र श्रोत्यांकडे पाठ करून उभाच. तेव्हा करोलिने उंगर या तरुण गायिकेने त्यास हाताने धरून वळविले. त्यास ऐकू येत नाही हे ध्यानी येताच श्रोत्यांनी टोप्या व हातरुमाल हवेत हलविले. विद्यार्थिमित्रहो, याचे मर्म पाहा. आपल्याला झालेला आनंद बाहेर टाकला की आपले काम संपले, असे त्या श्रोत्यांनी मानिले नाही. ज्याने आनंद दिला त्याच्यापर्यंत तो पोहोचला पाहिजे, एवढी काळजी त्यांनी वाहिली.

आता आपल्या मुंबईकडे वळू. मेहली मेहता यांनी १९३५ साली तेथे बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारिला. पारशी व गोमंतकीय वादकांनी त्यास हातभार लाविला. परंतु केवळ या संगीतावर येथे चरितार्थ चालणे दुर्घट होते, आणि १९५५ च्या सुमारास मेहली मेहता मँचेस्टर येथील हॅले वाद्यवृंदात वादक म्हणून गेले. त्यांचे पुत्र झुबिन त्यापूर्वीच, १९५४ साली, व्हिएन्नास शिकावयास गेले होते. तेथे ते संचालन शिकलेच, पण डबल बास हे अवजड वाद्यही शिकले. हे वाद्य साधी साथ करणारे व त्याचे वादक बहुधा कडेला उभे. मागाहून जे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क व इस्राएल येथील वाद्यवृंदांचे प्रमुख झाले, त्यांनी ही कडेची जागाही अनुभविली होती. त्यांच्या जन्मनगरीत २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, व २०२३ मध्ये त्यांनी त्याचे प्रथमच संचालन केले.

अशा थोर पुरुषाचे नाव ऐकून सभागृह भरते, यात नवल नाही. पण एक प्रश्न आम्ही नम्रपणे विचारतो. ज्या सायंकाळी फलकावर प्रसिद्ध नाव नसते, त्या सायंकाळी त्याच वादकांस ऐकावयास किती जण जातात? केवळ नावास दाद देणारा श्रोता कलेचा पोषक होत नाही. पित्याच्या काळी मुंबईत श्रोत्यांचा आधार अधिक भक्कम असता, तर कदाचित त्या गुणी माणसास बाहेर जावे लागले नसते.

आणि हा दोष मुंबईकरांच्या माथी मारून आम्हांस मोकळे होता येणार नाही. आमच्याकडील शाळांची स्नेहसंमेलने पाहावीत. आपल्या बाळाचे गीत येईपर्यंत पालक मोबाईल सरसावून बसतात. ते गीत झाले की खुर्च्या सरकतात, पिशव्या आवरल्या जातात, आणि शेवटच्या गीतास निम्मे सभागृह रिकामे असते. त्या शेवटच्या गीतातही मुले असतात. त्यांनीही महिनाभर तालीम केलेली असते. मागल्या रांगेत त्रिकोण घेऊन उभी असलेली मुलगी संपूर्ण गीतात दोनदाच तो वाजविणार असते, व त्या दोन ठोक्यांसाठी सारा वेळ मात्रा मोजीत असते. तिला रिकाम्या खुर्च्या दिसतात. त्यातून तिने काय शिकावे? आपल्यापुरतेच ऐकावे व निघून जावे, हेच ना?

वाद्यवृंदाचा कंडक्टर टाळ्या पडू लागल्या की काय करितो, हे पालकांनी अवश्य पाहावे. तो प्रथम पुढल्या रांगेतील मुख्य व्हायोलिनवादकाचा हात हाती घेतो. मग ज्यांनी एकट्याने काही वाजविले त्यांना एकेक करून उठवितो. शेवटी सर्वांस उभे करितो. आपल्यास मिळालेला मान तो असा मागल्या रांगेपर्यंत पोहोचवितो. हीच दृष्टी श्रोत्यांनी घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे. मोबाईल खिशात ठेवावा. गीत चालू असता बोलू नये. शेवटच्या मुलाचे शेवटचे गीत संपेपर्यंत जागेवर बसावे, आणि मग मनापासून टाळी वाजवावी. यास पैसा लागत नाही, सुरांचे ज्ञानही फारसे लागत नाही. दुसऱ्याच्या श्रमांविषयी आदर तेवढा लागतो. असे श्रोते ज्या गावात वाढतील, तेथे उत्तम वादक निपजण्यास उशीर लागणार नाही, असा आमचा विश्वास आहे.