शेवटच्या नळाचा हिशेब

गॅस्ट्रोनं आज मरायचं की कॅन्सरनं वीस वर्षांनी, असा सवाल कोणी गरिबापुढं टाकत असेल तर तो सवालच हरामखोर आहे. दोस्तहो, पाण्यातल्या क्लोरीनबद्दल हल्ली असंच बोललं जातं, म्हणून लिहितो.

1974 साली हॉलंडच्या रॉटरडॅममध्ये रूक नावाच्या रसायनतज्ज्ञानं दाखवून दिलं, की नदीच्या पाण्यात कुजलेल्या पाल्याचा, शेवाळाचा अंश असतो आणि त्यावर क्लोरीन पडला की क्लोरोफॉर्म तयार होतो. त्याचे भाऊबंदही होतात. सगळ्या खानदानाचं नाव ट्रायहॅलोमीथेन. त्याच साली आपल्या नागपुरातल्या पाण्यावर संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं नाव बदलून 'नीरी' झालं. अमेरिकेनं 1979 साली या सगळ्यांवर मिळून लिटरला 100 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली, पुढं ती 80 वर आणली. आपलं 2012 चं मानक एकट्या क्लोरोफॉर्मलाच 200 ची मुभा देतं. जागतिक आरोग्य संघटना 300 म्हणते, तेव्हा नुसत्या आकड्यावर मी बोंब मारणार नाही. पण वर्षानुवर्षं असं पाणी पिणाऱ्यांत मूत्राशयाचा कॅन्सर थोडा जास्त दिसतो, असं बरेच अभ्यास सांगतात.

मग क्लोरीन बंद करा? असं म्हणणाऱ्याच्या घरी आरओ मशीन असते, हे आधी पाहून घ्या. क्लोरीन गेला की पहिलं प्रेत आपल्याच वस्तीतून निघंल.

माझं म्हणणं वेगळं आहे. पेंच-कन्हानचं पाणी शुद्ध होऊन पाइपात शिरलं तरी आतली रासायनिक क्रिया थांबत नाही. पाणी जितका वेळ पाइपात, टाकीत, ड्रमात राहील तितकं क्लोरोफॉर्म वाढतं आणि जंतू मारणारा क्लोरीन संपत जातो. म्हणजे लाइनीच्या टोकाला राहणाऱ्याला दोन्हीकडून मार! शहराच्या टोकाला कोण राहते, हे का मी सांगावं? आमच्याकडं सकाळी नळाला भपकन वास आला की बाया म्हणतात, आज औषध जास्त मारलं. दुपारी वास नाही, आणि पाणी गढूळ.

उपाय अवघड नाही. तुरटीनं आणि गाळणीनं घाण आधी नीट काढा, क्लोरीन मग घाला. घाणीवरच क्लोरीन ओतणं म्हणजे विषाला खाद्य घालणं. (1927 ला आपण पाणी प्यालो म्हणून महाडचं चवदार तळं ज्यांनी शेणमुताच्या 108 घागरी ओतून 'शुद्ध' केलं, त्यांना ही केमिस्ट्री कोण शिकवणार?) घरी उघड्या भांड्यात पाणी उकळलं तर क्लोरोफॉर्म बरंच उडून जातं. पण सिलिंडरचे पैसे कोणाचा बाप देईल?

2012 साली या शहराचं पाणी 25 वर्षांच्या करारानं खासगी कंपनीच्या हाती दिलं. करार करणाऱ्यांना विचारा: क्लोरोफॉर्मची तपासणी कुठल्या नळावर करता, केंद्राच्या दारातल्या का आमच्या गल्लीतल्या शेवटच्या? आकडा वॉर्डाच्या फळ्यावर लावा, मराठीत. आणि दर महिन्याला लावा.