मशीनवाटप झालं, आता सुईचं बोला

महिला दिन असो, आमदारांचा वाढदिवस असो की निवडणुकीआधीचा एखादा मेळावा, व्यासपीठाच्या एका बाजूला शिलाई मशीनची रांग हमखास मांडलेली असते. जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग, गावोगावचे सेवाभावी क्लब, कंपन्यांचे सीएसआर विभाग यांचे इतर कशावर जुळो न जुळो, एका गोष्टीवर एकमत आहे: खेड्यातल्या बाईला पायावर उभे करायचे तर तिला पायमशीन द्यावे. पुणे जिल्ह्यातला मुळशी तालुकाही या नियमाला अपवाद नाही. पौड-पिरंगुटच्या रस्त्याने जाताना ब्लाउज, फॉल-पिको आणि ड्रेस शिवून मिळतील अशा पाट्या दिसतात, त्यातल्या कितीतरी अशाच वाटपातून उभ्या राहिल्या असतील. त्यांच्याविषयी तक्रार नाही. गावात ब्लाउज शिवायला कोणीतरी हवेच आणि त्या कामाला वर्षभर गिऱ्हाईक असते.

गडबड होते ती पुढच्या पायरीवर. मशीन आले, बचत गट झाला, मग कोणीतरी सुचवते की पर्सेस, पिशव्या, तोरणे शिवा आणि जत्रेत स्टॉल लावा. तिथे या बाईची गाठ शेजारच्या गावातल्या शिंप्याशी पडत नाही, ती पडते तिरुपूरच्या आणि सुरतेच्या कारखान्यांशी. तिच्या एका पायमशीनसमोर विजेवर चालणाऱ्या शेकडो मशीन आणि एकाच वेळी डझनभर नग भरणारी संगणकी एम्ब्रॉयडरी उभी असते. तीच पिशवी, तोच खणाचा तुकडा, तीच झिप. किंमत तेवढी तिची जास्त. हस्तकलेच्या जत्रेत विकायला माल करायचा असेल, तर मशीन हे चुकीचे हत्यार आहे. तिथे बाईच्या बाजूने फक्त एकच गोष्ट असते, आणि ती म्हणजे कारखान्याला परवडत नाही असा हाताचा टाका.

शिवणवर्गाची कल्पना मुळात फार मोठी होती, हे विसरू नये. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले, तेव्हा घराबाहेर पाऊल टाकण्याचीच चोरी असलेल्या स्त्रियांना शिवण आणि भरतकाम हे कमाईचे सन्मानाचे दार वाटले. याच पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुली-बायकांना विणकाम, शिवणकाम शिकवले. तो काळ यंत्राचे कपडे स्वस्त होण्याआधीचा होता. शंभर वर्षांनंतर तोच वर्ग, तोच अभ्यासक्रम आणि तेच प्रमाणपत्र पुढे चालवणे ही परंपरा नव्हे, निव्वळ सवय आहे.

आता जत्रांकडे पाहू. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने सुनंदा पवार यांच्या पुढाकाराने २००६ साली सुरू केलेली भीमथडी जत्रा पुण्यात डिसेंबरमध्ये भरते. मुंबईत ग्रामविकास विभागाच्या ‘उमेद’ अभियानाचे महालक्ष्मी सरस प्रदर्शन असते. माणदेशी फाउंडेशन म्हसवडकडच्या घोंगडी विणणाऱ्यांपासून शेळीपालन करणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांना मुंबईत महोत्सवाला आणते. या जत्रांनी मोठे काम केले आहे. कधी तालुक्याबाहेर न पडलेल्या बाया तिथे हिशेब करायला, गिऱ्हाइकाशी बोलायला शिकल्या. पण गर्दी कुठे असते ते बघावे. मटण-भाकरी, मांडे, खर्डा-ठेचा यांच्या स्टॉलवर रांगा, आणि कापडाच्या स्टॉलवर हात लावून पुढे जाणारे लोक. खाद्यपदार्थ हाताचा आहे हे जिभेला लगेच कळते. टाका हाताचा आहे हे डोळ्यांना कळतेच असे नाही, आणि ते सांगायची जबाबदारी कोणीच घेत नाही. शेजारच्याच स्टॉलवर घाऊक बाजारातून उचललेल्या जयपुरी रजया ‘हस्तकला’ म्हणून टांगलेल्या असल्या, तर बिचाऱ्या गिऱ्हाइकाने तरी काय ओळखावे?

ओळखायची खूण तशी सोपी आहे. कापड उलटे करावे. मशीनची टीप दोन्ही बाजूंनी सलग दिसते. हाताच्या धावदोऱ्यात टाका, मोकळी जागा, पुन्हा टाका असे चालते आणि दोन टाके कधी तंतोतंत सारखे नसतात. भरतकाम मशीनचे असेल तर मागे बॉबिनचा, बहुधा पांढरा, बारीक दोरा आणि पुष्कळदा कडक कागदासारखा थर सापडतो. हाताने घातलेल्या साखळी टाक्यामागे साध्या धावत्या रेषा आणि इकडेतिकडे गाठी असतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याही लग्नातल्या रुखवतावर टीका करणाऱ्या आत्याबाईंना हे सगळे एका नजरेत कळायचे. आज ती नजर गेली आहे, आणि ती परत आणायचे काम आयोजकांचे आहे.

मुळशीच्या घरात हाताचा टाका म्हणजे मुख्यतः गोधडी. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरायची, कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचे. साडेचार फूट रुंद, सहा फूट लांब गोधडी घेतली आणि बोटभर, म्हणजे पाऊण इंच अंतरावर ओळी धरल्या, तर दोऱ्याच्या ओळींची लांबी सव्वाशे मीटरच्या वर जाते. तीन-चार पदरांतून सुई काढत तासाला दोन-सव्वादोन मीटर झाले तरी हात चांगला म्हणायचा. म्हणजे साठ तास. कापड-दोऱ्याला सातशे रुपये धरले आणि जत्रेत गोधडी ३,००० रुपयांना गेली, तर बाईच्या हाती २,३०० उरतात. तासाला ३८ रुपये. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता, आठ तासांनी भागले तर ३९. ज्या राज्याने रोजगार हमीचा कायदा देशाआधी १९७७ साली केला, त्या राज्यात पिढ्यानपिढ्यांचे कसब माती उचलण्याच्या मजुरीपेक्षा रुपयाने स्वस्त पडते. त्यात स्टॉलचे भाडे, टेम्पो, जत्रेतले जेवण धरलेलेच नाही.

कुशल हाताला तासाला निदान ७५ रुपये द्यायचे ठरवले, तर मजुरीच साडेचार हजार होते आणि कापड-दोरा, स्टॉल, टेम्पो धरून किंमत सहा हजारांच्या घरात जाते. ‘एवढ्याला? ऑनलाइन हजारात मिळते की!’ हे वाक्य मग ठरलेलेच. ते ऐकून बाई किंमत उतरवते. खरे तर तिने गोधडीला एक चिठ्ठी लावायला हवी, त्यावर शिवणारीचे नाव, गाव आणि तास. गिऱ्हाईक घासाघीस करते तेव्हा ते बहुतेक वेळा कंजूस नसते, त्याला आकडाच माहीत नसतो. साठ तास हा आकडा वाचल्यावरही जो हजार रुपये म्हणेल, त्याला खुशाल ऑनलाइन जाऊ द्यावे.

आणखी एक अडचण आहे, जी शहरात बसून योजना आखणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. मुळशी हा भाताचा मुलूख. ताम्हिणीच्या बाजूला पाऊस असा की जूनपासून अंथरूण-पांघरूण वाळणे मुश्कील. पाऊस पडला की बायका चिखलात, लावणीला. मग बेणणी, नंतर कापणी, झोडणी. आंबेमोहोर-इंद्रायणी घरात येईपर्यंत दिवाळी उलटते. गोधडी शिवायचे दिवस म्हणजे उन्हाळा. आणि मोठी जत्रा डिसेंबरात! म्हणजे एप्रिल-मेमध्ये शिवायचे, सहा महिने ओलीपासून, उंदरांपासून जपायचे, मग विकायचे, आणि तोवर घातलेले पैसे अडकून पडलेले. विकले नाही तर पुन्हा वर्षभर. ज्या घरात शाळेची फी जूनमध्ये भरायची असते तिथे हा धंदा कोण करील? साहजिकच बाई जत्रेच्या आधी आठवडाभरात कटपीस आणून मशीनवर पर्सेस शिवते.

यावरचा उपाय कच्छने पन्नास वर्षांपूर्वी शोधून ठेवला आहे. १९६९ च्या दुष्काळात चंदा श्रॉफ धाणेटी गावात मदतकार्याला गेल्या. तिथल्या बायकांना फुकटचे नको होते आणि त्यांच्या अंगावरचे भरतकाम थक्क करणारे होते. श्रॉफबाईंनी साड्या नेऊन त्यांच्याकडून भरून घेतल्या, मुंबईत विकल्या. त्यातून ‘सृजन’ ही संस्था उभी राहिली. २००६ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला, तो गावोगाव फिरणाऱ्या भरतकामाच्या नमुन्यांच्या गाडीसाठी. पण खरी हुशारी वेगळ्याच ठिकाणी होती. बाईने काम पुरे करून दिले की तिला मजुरी मिळे. साडी विकली जाते की नाही ही चिंता संस्थेची. जोखीम सुई धरणाऱ्याच्या डोक्यावर नाही, ज्याला ती पेलते त्याच्या डोक्यावर, इतका साधा हिशेब.

आपल्याकडे हे करायला नवी संस्था लागत नाही. ‘उमेद’ची गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ ही रचना तयार आहे, फिरता निधी आहे. प्रभागसंघाने मे महिन्यात तपासून गोधड्या विकत घ्याव्यात, रोख पैसे द्यावेत, कोरड्या जागी ठेवाव्यात आणि डिसेंबरात आपल्या नावाने विकाव्यात. एखाद्या वर्षी पाच-दहा गोधड्या उरतील. एका मशीनवाटपाच्या मंडपाला आणि सत्काराच्या शालींना जेवढा खर्च येतो, तेवढ्यात तो तोटा भागावा.

अमेरिकेतल्या अलाबामाची एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे, कारण ती दोन्ही बाजूंनी शिकवते. गीज बेंड हे नदीच्या वळणातले गरीब कृष्णवर्णीयांचे गाव. तिथल्या बायका कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या, अगदी आपल्यासारख्याच. नागरी हक्कांच्या लढ्याच्या काळात, १९६६ मध्ये, त्या भागातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. पुढे तिला सीअर्स या मोठ्या कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशीच्या अभ्र्यांचे काम मिळाले. पैसा आला, पण सगळे अभ्रे एकाच साच्यातले. ज्याच्यासाठी त्या बायकांचा हात ओळखला जायचा, त्याला तिथे जागाच नव्हती. आणि २००२ मध्ये ह्यूस्टनच्या, मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जे टांगले गेले, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर जे छापले गेले, ते अभ्रे नव्हते. घरच्यासाठी, मनाला येईल तशा शिवलेल्या जुन्या गोधड्या होत्या. मुळशीतल्या बचत गटाला सगळ्या पर्सेस एकसारख्या शिवायला शिकवणाऱ्या प्रशिक्षकांनी हे एकदा वाचावे.

कायद्याने मात्र सुईला पोरकेच ठेवले आहे. हातमागासाठी १९८५ चा आरक्षण कायदा आहे. अकरा प्रकारचे कापड हातमागावरच विणले गेले पाहिजे असे तो सांगतो. २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ आहे. त्याची अंमलबजावणी कशी होते हा वेगळा विषय, पण निदान बोट दाखवायला काही आहे. हाताच्या भरतकामाला असे कोणतेही आरक्षण नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. शिंपी आहे, परीट आहे, हार करणारा आहे, मासेमारीचे जाळे विणणारा आहे. भरतकाम करणारी नाही आणि गोधडी शिवणारीही नाही. ती आली तरी ‘शिंपी’ म्हणून येणार, आणि औजारांसाठीच्या १५,००० रुपयांतून तिला काय मिळणार? पुन्हा मशीनच.

एक वाट उघडी आहे. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडून कारागिराला ‘पहचान’ ओळखपत्र मिळते, त्यात हाताचे भरतकाम बसते आणि त्यावर सरकारी हस्तकला बाजारांमध्ये स्टॉल मागता येतो. हे कार्ड काढून देणारी शिबिरे पौडला भरवणे मशीनवाटपापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. फोटो तेवढा चांगला येत नाही, हे मान्य. जत्रांच्या आयोजकांनीही स्टॉल देताना कार्ड बघावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्टॉलवर बसून टाका घालून दाखवायला सांगावे. दिल्ली हाटसारख्या कारागिरांसाठीच १९९४ मध्ये उभारलेल्या बाजारातही व्यापारी शिरल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या, तेव्हा नुसत्या कागदावर विसंबून चालणार नाही. घाऊक माल विकणाऱ्यांना हाकलायची गरज नाही. त्यांची वेगळी रांग करावी, त्यावर तशी पाटी लावावी आणि त्यांच्याकडून भाडे दुप्पट घ्यावे.

शेवटी गिऱ्हाइकाचा प्रश्न. मुळशीला ते शोधायला मुंबईला जावे लागत नाही, कारण हिंजवडी याच तालुक्यात आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधल्या कंपन्या दर दिवाळीला कर्मचाऱ्यांना काहीतरी डबे, बाटल्या, बॅगा वाटतात. माण, मारुंजीच्या उंच इमारतींत दर महिन्याला कोणाचे तरी डोहाळजेवण असते, आणि तान्ह्या बाळाला जुन्या मऊ सुताचे दुपटे, कुंची, टोपडे हवे असते, ते सिंथेटिकच्या जमान्यात दुकानात मिळत नाही. चार-पाच नगांचा बाळंतविडा दहा-बारा दिवसांत हाताने तयार होतो, भांडवल कमी अडकते, पावसाळ्यात शेतीतून सवड मिळेल तेव्हा घरात बसूनही करता येतो. गोधडीपेक्षा हाच माल मुळशीच्या दिवसमानाला अधिक बसतो, आणि एका सोसायटीत दोन घरी गेला की पुढची ऑर्डर आपोआप येते. राज्याबाहेर माल न पाठवणाऱ्या लहान विक्रेत्याला ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीशिवाय ऑनलाइन मंचावरही विकता येते, तेव्हा तीही सबब उरलेली नाही.

कंपन्यांनी दिवाळीच्या भेटीसाठी गोधड्या जरूर घ्याव्यात, पण ही खरेदी सीएसआरमध्ये दाखवू नये. ती त्यात बसत नाही आणि बसूही नये. भेटवस्तूंच्या नेहमीच्या खात्यातून, दोन दर मागवून, नग तपासून व्हावी. अट एकच: दिवाळीच्या गोधड्यांची मागणी गुढीपाडव्याच्या सुमाराला, फार तर अक्षय्य तृतीयेपर्यंत पोहोचायला हवी आणि अर्धे पैसे आगाऊ द्यायला हवेत. मृगानंतर फोन केला तर उचलायला कोणी घरी नसेल, सगळ्या लावणीला गेलेल्या असतील.