घडी घातलेला कागद

घरातील गुपिते आणि त्यांत गुरफटलेल्या बहिणी, या विषयावरील रहस्यप्रधान कादंबऱ्यांचा इंग्रजीत सांप्रत सुकाळ आहे, आणि आपल्या घरांतील लेकीसुनाही त्या आवडीने वाचतात. हा निव्वळ कालापव्यय, असे वडीलधाऱ्यांचे मत पडते. आम्हांस ते मान्य नाही. या कादंबऱ्यांची पणजी शोभेल अशी विल्की कॉलिन्सची ‘द वूमन इन व्हाइट’ १८६० साली ग्रंथरूपाने निघाली. तीतला एकच प्रसंग पाहावा.

लॉरा आणि मॅरियन या एका आईच्या, पण दोन बापांच्या मुली. लॉरा धनवान, मॅरियनपाशी स्वतःचे म्हणावे असे काही नाही. लग्नानंतर लॉराचा पती तिच्यापुढे एक दस्तऐवज सरकवतो. त्याची घडी अशी घातलेली, की सहीपुरती जागा तेवढी उघडी राहावी. लॉरा मजकूर विचारते. तो म्हणतो, बायकांना त्यातले काय कळणार? साक्षीसाठी बोलाविलेली मॅरियन तेथेच सांगते की, लॉरास मजकूर समजल्यावाचून आपण साक्ष घालणार नाही. पुढे या गृहस्थाचे जे गुपित फुटते तेही कागदाचेच: आईबापांच्या विवाहाची चर्चच्या वहीत केलेली बनावट नोंद. आणखीही एका बहिणीचे रहस्य ग्रंथात आहे; ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी ते आम्ही झाकूनच ठेवतो.

असा मजकूर मराठीत कोठे पाहावयास मिळेल, असे कोणी विचारील तर आम्ही पुण्या-मुंबईकडे बोट न दाखविता चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीकडे दाखवू. दिवाळी सरून धान घरात येऊ लागले, की भाऊबीजेच्या सुमारास तेथील नाटकांचा हंगाम उभा राहतो आणि होळीपर्यंत चालतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे त्याचे मुख्य ठाणे. नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या तेथेच, आणि गावोगावची मंडळे तेथेच येऊन नाटक ठरवून जातात. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, असा जुना पायंडा. रात्री सुरू झालेला खेळ पहाटेस संपतो. विषय बहुतकरून कौटुंबिक: भाऊबंदकी, फसवलेली बहीण, लपविलेला जन्म. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरांतील कित्येकांस तिचे नाव प्रथमच कळले.

कॉलिन्स आपले गुपित वाचकापासून शेवटपर्यंत राखतो. झाडीपट्टीची रीत बहुधा उलटी. प्रेक्षकांस ते लौकरच कळते. कळत नाही ते रंगमंचावरील बहिणीला. सारा मांडव तिच्यासाठी तळमळतो, आणि कोणास बोलता येत नाही. आमच्या मते घरातील गुपिताचे खरे स्वरूप हेच. ते सर्वांस ठाऊक असते. जिचे त्यात नुकसान, तिला मात्र ठाऊक नसते. या नाटकांच्या निमित्ताने लेकी-जावई, सोयरेधायरे गावी येतात, सोयरिकीही जुळतात. म्हणजे माहेरी आलेली लेक हे पाहत असते, आणि भाऊही तेथेच बसलेला असतो.

आता घरचा कागद. महाराष्ट्राने १९९४ साली, आणि पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून सर्व देशाच्या कायद्याने, हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला. २००५ साली बाप हयात नसला तरी हा हक्क बुडत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. कायदा स्पष्ट आहे. तथापि घरोघर हक्कसोडपत्रे होतच आहेत. स्थावरातील हक्क सोडण्याचा असा लेख नोंदवावा लागतो, म्हणून बहिणीस दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतात. “नेहमीची सही आहे, ताई,” एवढेच तिला सांगितलेले असते. जिला समजून-उमजून भावास वाटा द्यावयाचा आहे, तिने तो खुशाल द्यावा. तिच्या औदार्यास आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु न वाचता झालेल्या सहीला औदार्य म्हणणे आम्हांस जड जाते. कचेरीत तिला संमती विचारतात खरी. पण भाऊ शेजारीच उभा असतो, आणि सायंकाळी पान त्याच्याच घरी मांडलेले असते.

बहिणी दोन असल्या म्हणजे पेच वाढतो. थोरली मुकाट्याने सही करते. धाकटी कागद वाचावयास मागते आणि तत्क्षणी लोभी ठरते. तिला तसे प्रथम म्हणणारी पुष्कळदा थोरलीच असते. मॅरियन येथे कोणी होत नाही. या दोघी बहिणींचे पुढे काय होते, थोरलीस आपला वाटा केवढा होता हे कधी कळते, आणि कळल्यावर ती धाकटीकडे कोणत्या तोंडाने जाते, यावर खरी रहस्यकथा उभी राहील. वडश्याच्या एखाद्या नाटककाराने ती येत्या भाऊबीजेस मांडवात आणावी. लेकी तेथे बसलेल्याच असतात.