दोन तलवारींचा हिशेब

गेल्या नाताळाच्या आदल्या आठवड्यात आपल्या ख्रिस्ती मंडळींपैकीच एक गृहस्थ एरंडोलला माझ्या घरी आले. चहा झाला, कापसाच्या भावावर बोलणे झाले, आणि मग त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. पिस्तुलाच्या परवान्यासाठी ते जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करणार होते. त्याला जोडण्यासाठी त्यांना माझ्याकडून चारित्र्याचा दाखला हवा होता. “सर, तुम्ही फक्त चार ओळी लिहून सही करा,” असे ते म्हणाले. मी सही केली नाही. चाळीस वर्षांचा आमचा घरोबा. पण त्या दिवशी ते चहाचा अर्धा कप तसाच ठेवून निघून गेले. त्यांच्या चारित्र्याविषयी मला तिळमात्र शंका नाही, हे मी त्यांना तेव्हा सांगितले आणि आज येथे जाहीरपणे लिहितो. तरीही सही का केली नाही, हे त्यांच्याप्रमाणेच विचार करणाऱ्या आपल्या इतर कुटुंबांनाही कळावे म्हणून हा लेखप्रपंच.

त्यांची बाजू प्रथम मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. मागच्या वर्षी कापसाचे पैसे घेऊन रात्री परतताना दोघांनी त्यांची मोटारसायकल अडवली. विहिरीवरची केबल दोनदा चोरीला गेली. तक्रार दिली, तिचा कागद झाला आणि कागदाचे पुढे काही झाले नाही. मध्यंतरी ते अमेरिकेत मुलीकडे सहा महिने राहून आले. तेथे टेक्सास राज्यात किराणा घ्यावा तशा सहजतेने बंदूक विकत मिळते, तिला ते लोक आपला मूलभूत हक्क मानतात, आणि रविवारी मिस्साला येणारी भली माणसेसुद्धा ती बाळगतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. “चोराजवळ गावठी कट्टा आहेच, सर. कायद्याने हात बांधलेत ते फक्त आपले,” हे त्यांचे वाक्य मला रात्रभर झोपू देईना.

हे वाक्य अमेरिकेतील बंदूकवाद्यांचे सर्वांत प्रबळ हत्यार आहे, आणि खानदेशात तर ते अधिकच खरे वाटते. आपल्याच जिल्ह्यात, चोपडा तालुक्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या कुशीत उमर्टी आहे. सीमेपलीकडे मध्य प्रदेशातही त्याच नावाचे गाव आहे. तेथील शिकलीगर समाज पिढ्यान्‌पिढ्या लोखंडावर हात चालवणारा. एके काळी शीख फौजांची शस्त्रे घडवणारा. आज त्या कसबातून गावठी पिस्तुले बनतात आणि पुण्यामुंबईपर्यंत पोहोचतात. २०२५च्या फेब्रुवारीत तेथे संशयिताला पकडायला गेलेल्या चोपड्याच्या पोलिसांवर जमावाने हल्ला केला आणि एका शिपायाला सीमेपार पळवून नेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी मध्य प्रदेश पोलिसांच्या साह्याने पलीकडच्या उमर्टीवर छापा घालून पन्नासच्या आसपास भट्ट्या मोडल्या. भुसावळचे तर सांगायलाच नको. ६ ऑक्टोबर २०१९ रोजी तेथे एका नगरसेवकासह पाच जण मारले गेले आणि २९ मे २०२४ रोजी मोटारीत बसलेल्या दोघांना गोळ्या घालण्यात आल्या. तेव्हा चोराजवळ कट्टा आहे, हे मी कसे नाकारू?

परंतु यातून निष्कर्ष कोणता निघतो? चोराजवळ कट्टा आहे म्हणून सज्जनाजवळ पिस्तूल असावे, असे म्हणताना आपण गृहीत धरतो की सज्जन आणि दुर्जन अशा दोन जाती आहेत आणि पिस्तूल ज्याच्या हाती जाते तो आपल्या जातीतून हलत नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच, एका आमदाराने प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्याचा गुन्हा नोंदला गेला. ते शस्त्र परवान्याचे होते. पुढे सहाच दिवसांनी दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला. त्यात वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे होते, आणि तेही परवान्याचेच. ३१ जुलै २०२३ रोजी जयपूर–मुंबई गाडीत ज्या रायफलने चार माणसे मारली ती तर प्रवाशांच्या रक्षणासाठीच सरकारने दिलेली होती. यांपैकी प्रत्येक शस्त्राच्या मागे कोणीतरी चारित्र्याचा दाखला दिलाच असेल. बीड जिल्ह्याचेही पाहा. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी क्रूर हत्या झाली. ती मारहाणीने झाली, बंदुकीने नव्हे. पण तिच्यानंतर लोकांनी चौकशी केली तेव्हा त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे उघड झाले, आणि प्रशासनाला त्यांपैकी शंभरावर रद्द करावे लागले. बाराशे परवान्यांनी बीडचा सामान्य माणूस निर्भय झाला काय? रीलवर पिस्तूल नाचवणारे तेवढे निर्भय झाले.

आता अमेरिकेकडे वळू. तेथील संविधानाची दुसरी दुरुस्ती १७९१ची. तिच्यात शस्त्र बाळगण्याचा हक्क सुव्यवस्थित नागरी सेनेच्या गरजेशी जोडून सांगितला आहे. हा हक्क घरात स्वसंरक्षणासाठी प्रत्येक व्यक्तीला आहे, असा अर्थ तेथील सर्वोच्च न्यायालयाने लावला तो २००८ साली, नऊपैकी पाच न्यायमूर्तींच्या मताने. आणि घराबाहेर शस्त्र बाळगण्यापर्यंत तो वाढवला २०२२ साली. म्हणजे ज्याला आमचे मित्र सनातन हक्क समजून आले, त्याचा आजचा अर्थ पुरता वीस वर्षांचाही नाही. २०१८च्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार त्या देशात नागरिकांजवळ सुमारे ३९ कोटी बंदुका होत्या. माणसे तेव्हा ३३ कोटींच्याही आत. बंदुकीने सुरक्षितता येत असती तर अमेरिका पृथ्वीवरचा सर्वांत सुरक्षित देश ठरला असता. प्रत्यक्षात २०२२ या एका वर्षात तेथे ४८ हजारांहून अधिक माणसे बंदुकीने मेली.

त्या ४८ हजारांत निम्म्याहून अधिक आत्महत्या आहेत, हे बंदुकीचे समर्थक सांगत नाहीत आणि विरोधकही पुरेसे सांगत नाहीत. आपण कापूसपट्ट्यातली माणसे. मरणाची इच्छा आणि मरणाचे साधन एकाच घरात असले की काय होते, हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायला नको. कोपऱ्यातला कीटकनाशकाचा डबा आपण सारे ओळखतो. “बंदूक माणसाला मारत नाही, माणूस माणसाला मारतो” या त्यांच्या लाडक्या घोषणेला माझे उत्तर श्रीलंकेत आहे. तेथे १९९०च्या दशकापासून सर्वाधिक विषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी आली आणि पुढच्या वीस वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहूनही खाली गेले. लोकांची दुःखे त्या वीस वर्षांत संपली होती असे नाही. तो देश तर यादवी युद्धात होरपळत होता. फक्त त्या एका काळ्या रात्री हाताशी येणारे साधन कमी जहाल झाले आणि सकाळ उजाडली. जो सकाळपर्यंत टिकला त्याच्यासाठी धर्मगुरू आहेत, शेजारी आहेत, डॉक्टर आहेत. पिस्तूल सकाळ होऊ देत नाही. आमच्या मित्राच्या घरात विशीतला मुलगा आहे. मला चोरापेक्षा त्याचीच अधिक काळजी वाटली, आणि हे मी त्यांच्या तोंडावर बोलू शकलो नाही.

याच मुलाने मला इतिहासाचा धडा दिला होता. इंग्रजांनी १८७८चा शस्त्र कायदा करून आपल्याला नि:शस्त्र केले म्हणून आपण गुलाम राहिलो, असे तो म्हणाला. तो कायदा अन्यायी होता, यात वाद नाही. गोऱ्याला सूट आणि देशी माणसाला परवाना, अशी त्याची रीत होती, आणि आरंभीच्या काँग्रेसनेही त्याविरुद्ध ठराव केले. पण हा खानदेश जरा वेगळी गोष्ट सांगतो. १८२५ साली जेम्स औट्रमने येथूनच जवळ, धरणगावला, भिल्लांची पलटण उभारली. इंग्रजांनी भिल्लांच्या हातून बंदूक काढून घेतली नाही, त्यांच्या हाती दिली. आणि त्याच बंदुकीने डोंगरातले दुसरे भिल्ल शांत केले. दारूगोळा ज्याचा, बंदूक त्याची. हां, सेंधवा घाटाच्या रक्षणासाठी इंग्रजांच्याच पगारावर असलेला खाज्या नाईक १८५७मध्ये उलटला, हे मी विसरलेलो नाही. १८५८च्या एप्रिलात आंबापाणीला त्याच्या माणसांचे काय झाले, हेही त्या मुलाने वाचावे. स्वतंत्र भारताने १८७८चा कायदा फेकून १९५९चा नवा केला तेव्हा रंगभेद गेला, परवाना राहिला. तो आपल्याच प्रतिनिधींनी ठेवला. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाजवळची परवान्याची शस्त्रे तिनावरून दोनवर आणली, आणि लग्नाच्या वरातीत निष्काळजीपणे बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली. मला तर हा कायदा अजूनही मवाळच वाटतो.

राहिला धर्माचा प्रश्न. तेथील ख्रिस्ती बंदूकवादी लूकच्या शुभवर्तमानाचा बाविसावा अध्याय पुढे करतात. प्रभूने शेवटच्या रात्री शिष्यांना झगा विकून तलवार घ्यायला सांगितले नव्हते काय? सांगितले होते. पण त्यांनी पान पुढे उलटावे. शिष्य दोन तलवारी दाखवतात आणि तेवढ्यावर प्रभू तो विषय थांबवतो. अकरा माणसे, दोन तलवारी, समोर हत्यारबंद जमाव. हा संरक्षणाचा हिशेब कोणत्या शास्त्राने जुळतो? आणि त्या दोनांपैकी एक पेत्राने चालवली तेव्हा शत्रू पडला नाही, महायाजकाच्या नोकराचा कान तुटला. योहानने त्याचे मल्ख हे नावही नोंदवले आहे. प्रभूच्या हातून अटकेआधी झालेले शेवटचे रोगनिवारण म्हणजे स्वतःच्याच शिष्याने केलेली जखम भरून काढणे. ख्रिस्तसभा स्वसंरक्षणाचा अधिकार नाकारीत नाही. जिवावर बेतले असता हल्लेखोराला रोखणाऱ्याला ती दोषी मानत नाही. पण तीच ख्रिस्तसभा शस्त्रांचे उत्पादन आणि विक्री समाजहिताच्या ताब्यात असावी असेही शिकवते, आणि अमेरिकेतील बिशपमंडळी वर्षानुवर्षे बंदुकांवर नियंत्रण मागत आली आहेत.

२७ ऑगस्ट २०२५ रोजी मिनियापोलिसच्या अनन्सिएशन चर्चमध्ये शाळेच्या मुलांसाठी मिस्सा चालू होता. बाहेरून एकाने खिडक्यांतून गोळ्या झाडल्या. आठ आणि दहा वर्षांची दोन मुले बाकांवरच मेली, कित्येक जखमी झाली. त्याच्याजवळची शस्त्रे कायदेशीर रीतीने विकत घेतलेली होती, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतरच्या रविवारी पोप लिओ चौदावे, जे स्वतः अमेरिकेत जन्मले, त्यांनी लहानमोठ्या शस्त्रांच्या साथीचा अंत व्हावा म्हणून प्रार्थना केली. त्यांनी शस्त्रांना साथीच्या रोगाची उपमा दिली, यात मला मोठे तथ्य वाटते. साथीत निरोगी माणूस स्वतःच्या रक्षणासाठी रोग विकत घेत नाही.

माझ्यावर आक्षेप येईल की सहीला नकार देणे सोपे. केबल कोण राखणार? आक्षेप रास्त आहे. उमर्टीच्या भट्ट्या मोडून पोलीस परत गेले. त्या हातांना दुसरे काम मिळाल्याशिवाय भट्ट्या पुन्हा पेटणार, हे सांगायला ज्योतिषी नको. शिकलीगरांच्या पोरांना शाळा आणि आयटीआय मिळावा म्हणून आपल्या संस्थांनी काय केले? प्रश्न मी स्वतःलाच विचारतो आहे. आणि एरंडोलला म्हणे एकचक्रानगरी म्हणतात. येथेच भीमाने बकासुर मारला. त्या कथेत मला नेहमी वाटते की भीम येण्यापूर्वी गावाने पाळी लावून एकेक माणूस राक्षसाकडे धाडला, पण पाळी लावून रात्री जागले नाही.

नाताळानंतर मी त्या मित्रांकडे गेलो. बोलणे आधी तुटकच झाले. परवान्याचा अर्ज त्यांनी अजून दिलेला नाही, मागेही घेतलेला नाही. मात्र त्यांच्या शिवारातल्या नऊ शेतकऱ्यांनी गस्त सुरू केली आहे. दोघांनी मिळून एक रात्र, हाती बॅटरी, काठी आणि शिट्टी. पोलीस ठाण्याला रात्रीच्या फेरीसाठी अर्ज दिला आहे, तो मी लिहिला आणि त्यावर माझी सही आहे. दहावे नाव कमी पडत होते. माझे वय पाहून ते नको म्हणत होते, पण गुरुवारची रात्र मी मागून घेतली आहे.