दहावीच्या पोरांना झोपू द्या

पालकहो, उद्या पहाटे साडेपाचला मुलाला हाक मारण्याआधी क्षणभर थांबा. तो झोपला किती वाजता, ते आठवा. क्लास सुटला साडेआठला. तुम्ही विरार लोकलमधून उतरून घरी पोचलात नऊ-सव्वानऊला. जेवणं व्हायला दहा वाजले. मग गृहपाठ, मग प्रयोगवही. अंथरुणाला पाठ लागली साडेअकराला. म्हणजे जेमतेम सहा तास. या वयाला झोप हवी आठ ते दहा तास. सोमवार ते शनिवार मोजा. आठवड्याला किमान बारा तासांची झोप बुडते!

आळशी म्हणून त्याच्यावर ओरडू नका. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा पाझरू लागतं. झोपेची वेळ दोन तासांपर्यंत पुढे सरकते. दहाला दिवा मालवला तरी डोळा लागत नाही, हे पोरं खरं सांगतात. सातच्या शाळेत पहिल्या तासाला ती बसतात, तेव्हा शरीराने अजून रात्र संपवलेली नसते. फळ्यावर बीजगणित चालू असतं, डोक्यात काही उतरत नाही. शिकलेलं पक्कं होतं तेही झोपेतच, आणि आपण नेमकी तीच कापतो. वर चिडचिड, उदासपणा. घरोघरी हेच चाललंय.

सकाळी साडेसहाला नालासोपाऱ्याच्या आचोळे रोडवर किंवा वसईच्या अंबाडी रोडवर उभे राहा. स्कूटरवर वडिलांच्या पाठीला डोकं टेकून पेंगणारी मुलगी दिसेल. दप्तर एका खांद्यावरून घसरलेलं, हाताची पकड सैल. खड्डा आला की दचकते. एखाद्या दिवशी दचकायलाही उशीर होईल. त्या दिवसाची वाट पाहू नका.

सरकारने अर्धं काम केलंय. डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शाळांच्या वेळा बदला, असं सुचवलं. 8 फेब्रुवारी 2024 रोजी शासनाने ठरवलं की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊला किंवा त्यानंतरच भरवायचे. फार चांगलं झालं. पण चौथीच्या पुढचं काय? पहाटे उठणं ज्यांच्या शरीराला सगळ्यात जड जातं, तीच मुलं यातून सुटली. दोन सत्रांच्या शाळेत इमारत एकच असते. लहानांची वेळ पुढे गेली की मोठ्यांना सातलाच या म्हणायचा मोह होतो. तो मोह होऊ देऊ नका.

अडचणी आहेत, मान्य. वर्गखोल्या कमी, बसच्या फेऱ्या ठरलेल्या, आईबाबांची गाडी ठरलेली. ‘शाळा उशिरा ठेवली तर पोरं आणखी जागतील,’ असंही कुणी म्हणेल. अमेरिकेतल्या सिएटलने 2016 मध्ये हायस्कूलची वेळ 7.50 वरून 8.45 वर नेली. मुलं रोज सुमारे 34 मिनिटं जास्त झोपू लागली. कॅलिफोर्नियात तर 2022 पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायचं नाही, असा कायदाच लागू आहे. त्यांना जमलं, आपल्यालाही वाट काढता येईल. साडेआठ एकदम जमत नसेल तर सातचे आधी साडेसात करा. अर्धा तासही त्या पोरांना मोठा आहे.

तेव्हा उठा. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेला दोघांपैकी एकाने तरी जाच, रजा टाकावी लागली तरी. आठवी ते दहावीचे वर्ग साडेआठच्या आधी नकोत, एवढी एकच मागणी लेखी द्या. एक प्रत मुख्याध्यापकांना द्या, एक संस्थेला, एक पालघर जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना. शेजारच्यांच्या सह्या घ्या. मागितलीत तर मिळतील, त्यांच्याही घरी पोरं आहेत. क्लासवाल्या सर-मॅडमनो, रात्री आठनंतरची बॅच बंद करा. मुख्याध्यापकहो, वेळापत्रक तुम्ही मनावर घेतलंत तर हलतं. आणि घरात रात्री दहाला सगळ्यांचे मोबाइल स्वयंपाकघरात ठेवा, तुमचाही.

आज आठवीत असलेल्या मुलाची शाळा यंदा धरून तीनच वर्षं उरली आहे. पुढच्या जूनवर ढकलू नका. अर्ज याच आठवड्यात द्या.