विसण कोण घालणार?

गिरगाव-लालबागच्या चाळींत एके काळी तांब्याचा बंब ही घराची शान होती. पहाटे बंब पेटे, कढत पाण्याची बादली मोरीत येई आणि आजोबा पाटावर बसण्यापूर्वी घरातील कोणीतरी त्या पाण्यात विसण घालून हात बुडवून पाही. त्या हाताजवळ तापमापक नव्हता. पण आजोबांना किती ऊन पाणी सोसते, हे त्याला नेमके ठाऊक होते.

आता बंब गेले. परळ-लालबागला चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले. मुले उपनगरांत वा परदेशी स्थिरावली आणि अनेक आजी-आजोबांचा उत्तरकाळ वृद्धाश्रमात जाऊ लागला. तेथे एकाच सेविकेला सकाळी कित्येकांच्या आंघोळी उरकायच्या असतात. गच्चीवरच्या सौर बंबाचे पाणी ढगाळ दिवशी कोमट, तर कडक उन्हानंतर हात पोळेल इतके तापलेले. मग विसण कोण घालणार?

हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. हार्वर्ड विद्यापीठातील मॉरिट्झ व हेन्रीक्वेझ या संशोधकांनी १९४७ साली प्रयोगांनी दाखवून दिले, की ४९ अंश सेल्सियसच्या पाण्याने त्वचा खोलवर भाजण्यास काही मिनिटे लागतात. ६० अंशांना मात्र सुमारे पाच सेकंद पुरतात. वार्धक्यात त्वचा पातळ होते, म्हणजे हा अवधी आणखी घटतो. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या वृद्धाला चटका कळत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला तो कळला, तरी सांगता येत नाही. अर्धांगवायूच्या रुग्णाला कळते, सांगताही येते. पण पाय मागे घेता येत नाही.

‘सेवाभाव असला की पुरे, त्याला नियम कशाला?’ असे कोणी म्हणेल. परंतु कामाने निबर झालेल्या हाताला पन्नास अंशांचे पाणीही साधेच वाटू शकते. सेवाभावाला मापाची जोड नसेल, तर त्याच सेवेतून इजा होते.

मग गीझरच ४५ अंशांवर ठेवावा काय? तसेही चालत नाही. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यात न्यूमोनियाची साथ पसरून अनेक जण दगावले. तिला कारण ठरलेला लिजिओनेला जिवाणू २० ते ४५ अंशांच्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. म्हणून ब्रिटनमध्ये पाणी ६० अंशांवर साठवतात आणि अंगावर येण्यापूर्वी त्यात गार पाणी मिसळतात. शुश्रूषागृहांतील टब व शॉवरसाठी तेथे ४४ अंशांची कमाल मर्यादा आहे. हे मिश्रण ‘थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह’ नावाची झडप आपोआप करते. शेवटी तेही विसणच. फक्त ते घालणारा हात यंत्राचा.

आपल्याकडे आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्याच्या १९व्या कलमानुसार वृद्धाश्रमांतील सेवांची मानके ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. त्या मानकांत स्नानाच्या पाण्याचे तापमान स्पष्ट अंकांत असायला हवे आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने नळाखाली तापमापक धरून पाहायला हवे.

तोवर आश्रमांनी स्वतःहून करण्यासारखे पुष्कळ आहे. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, ही शिस्त पाळावी. पाणी ढवळून तापमापक बुडवावा. चाळीस अंशांच्या आसपासचे पाणी पुरेसे ऊन असते. गरम नळाखाली कोणालाही बसवू नये आणि बादली भरू लागली, की वृद्धाला एकटे सोडू नये. तरीही भाजलेच, तर त्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे; बर्फ, तूप वा टूथपेस्ट लावू नये आणि तत्काळ डॉक्टर गाठावा.

वाढदिवसाला वा वडिलांच्या पुण्यतिथीला आश्रमात गोडाचे जेवण देणारी कुटुंबे दादर-गिरगावात कमी नाहीत. त्यांनी एखाद्या वर्षी अशी एक झडप द्यावी. ज्या हातांनी बालपणी आपल्या पाण्यात विसण घातले, त्या हातांचे ऋण फेडण्याचा याहून साधा मार्ग कोणता?