जुन्या घड्याळाची पारख

जुन्या मनगटी घड्याळांची हौस हल्ली तरुण मंडळींत पुन्हा दिसू लागली आहे. थोडक्या खर्चात हाताला शोभा येत असेल, तर तीस नावे ठेवण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. मात्र पारख हवी.

जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने बंगळुरास १९६१ साली निघालेल्या एच. एम. टी.च्या कारखान्याने ‘जनता’, ‘पायलट’ ही चावीची घड्याळे घरोघर पोचविली. २०१६ साली सरकारने हा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचे ठरविले. जुन्या मालाचे शौकीन वाढले, तशी सोंगेही आली. झिजलेल्या यंत्रावर नवी रंगविलेली तबकडी बसवून तेच ‘अस्सल’ म्हणून विकतात. म्हणून तबकडीच्या तकाकीस भुलू नये. मागचे झाकण उघडवून गंज पाहावा. पूर्ण चावी दिल्यावर घड्याळ दिवसभर नीट चालते, अशी खात्री पटल्यावरच दाम मोजावे.

तथापि मैंदर्गीच्या गृहस्थाने बाजार धुंडण्यापूर्वी घरची पेटी उघडावी. वडिलांचे बंद पडलेले घड्याळ तीत निघाल्यास सोलापुरास नेऊन साफ करवावे; त्याच्या अस्सलपणाची शंकाच नको. ते कोणी वापरावे, हे मात्र वडील मंडळींनी आधीच ठरवावे. घड्याळ एक आणि मनगटे अनेक!